आकडा एक, उगम अनेक : खाद्यघटकांची वर्गवारी आणि आपला धंदा

बेकरी, मिठाई व आइस्क्रीमच्या धंद्यातील बंधूंना 471 हा आकडा परिचयाचा असेल. पाव मऊ राहावा, केक हलका व्हावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या इमल्सिफायरच्या डब्यावर तो छापलेला असतो. पदार्थ कोणता, हे या आकड्यावरून कळते. तो कशापासून काढला, हे मात्र कळत नाही. 471 वनस्पती तेलापासून बनतो, तसाच प्राण्यांच्या चरबीपासूनही बनतो. गिऱ्हाईक “हलाल आहे ना?” असे विचारते, तेव्हा नेमकी हीच माहिती हवी असते.

ही उणीव भरून काढणारी शास्त्रीय वर्गवारी आता उपलब्ध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘लँग्वाल’ ही पद्धत सुरू झाली. तीत पदार्थाला नुसते नाव न देता वेगवेगळे प्रश्न विचारले जातात. उगम कोणत्या प्राण्याचा वा वनस्पतीचा? भाग कोणता? प्रक्रिया कोणती? याच पायावर पुढे ‘फूडऑन’ ही ऑन्टॉलॉजी उभी राहिली. तिच्यावरील शोधनिबंध 2018 साली प्रसिद्ध झाला. ऑन्टॉलॉजी म्हणजे संगणकाला समजेल अशी पदार्थांची वंशावळ : कोण कोणाचा प्रकार, कोण कशापासून निघाला, हे ठरावीक नात्यांनी बांधलेले.

उदाहरण घ्या. जिलेटिन आणि चायना ग्रास दोन्ही पदार्थ घट्ट करतात, काम एकच. परंतु चायना ग्रास समुद्री शेवाळापासून मिळते, तर जिलेटिन गाय, डुक्कर किंवा मासळीच्या कातडी-हाडांपासून. काम व उगम हे दोन रकाने वेगळे ठेवले की घोटाळा होत नाही. शिवाय डुकराचे जिलेटिन अशी नोंद एकदा झाली की ते वापरलेली प्रत्येक मिठाई संगणक आपोआप त्या वर्गात टाकतो.

याहून महत्त्वाचा नियम असा, की जे नोंदलेले नाही ते ‘नाही’ असे समजायचे नसते. उगम लिहिलेला नसेल तर तो ‘अज्ञात’ होय, ‘वनस्पतीजन्य’ नव्हे. आपल्या पाकिटावरील मांसाहारी खूणही प्राणी कोणता ते सांगत नाही. हिरवी खूण पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. इसेन्समध्ये अल्कोहोल आहे की नाही, ते सांगत नाही.

छोट्या कारखानदाराला यासाठी संगणकच हवा असे नाही. एक वही घ्यावी व पाच रकाने आखावेत : घटक, काम, उगम, प्रक्रिया, पुरवठादाराचा लेखी दाखला. ज्या घटकाचा उगमाचा रकाना कोरा राहील, त्याची विचारणा पुरवठादाराकडे लेखी करावी. पुरवठादार बदलला की नोंद नव्याने करावी, कारण आकडा तोच राहून उगम बदलू शकतो.

हलाल-हरामचा निर्णय उलेमांनी द्यायचा आहे. मात्र त्यांच्यापुढे खरी व पूर्ण माहिती ठेवणे ही व्यापाऱ्याची जबाबदारी आहे. गिऱ्हाइकाचा विश्वास हेच आपले भांडवल, आणि ते या वहीत जपले जाते.