पाच स्टेशनं, एकच गाणं

मिरा-भाईंदर महानगरपालिका आणि मुंबईचं खाजगी एफएम यांचं जन्मसाल एकच, 2002. महापालिका झाली 28 फेब्रुवारीला. त्याच वर्षी मिर्ची, सिटी, रेड, गो आणि विन अशी पाच स्टेशनं मुंबईच्या हवेत आली. पालिका आपली वेगळी झाली, रेडिओ मात्र मुंबईचाच राहिला. लायसन्स मुंबईच्या नावाचं असलं तरी लहरींना दहिसर चेकनाक्यावर कधीच कुणी अडवलं नाही.

पुणेकर मंत्री आणि सिलोनची चांदी

रेडिओवर काय वाजावं हे भांडण खाजगी एफएमपेक्षा कितीतरी जुनं आहे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव एका पुणेकराचं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला त्यांनी कात्री लावली. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असा त्यांचा आक्षेप. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणीच काढून घेतली. मंत्रिमहोदयांना वाटलं, आता लोक शास्त्रीय संगीत ऐकतील. लोकांनी सरळ सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं.

3 डिसेंबर 1952 ला तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गंमत अशी की कार्यक्रम सिलोनचा, पण रेकॉर्डिंग मुंबईत! निवेदक अमीन सयानी इथे बोलायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि आवाज शॉर्टवेव्हवरून परत आपल्या घरी यायचा. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी सांगायचे. पुढे गाण्यांना क्रमांक मिळू लागले. क्रमांक कसे ठरायचे? रेकॉर्डच्या दुकानांतला खप आणि श्रोत्यांची पसंती, दोन्ही बघून. आजच्या 'टॉप ट्वेंटी'चे आजोबा हेच.

आकाशवाणीला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी घरी परतली. 1 नोव्हेंबर 1967 पासून तिच्यावर जाहिराती आल्या, त्याही आधी मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच तीन केंद्रांवर. सरकारी रेडिओ व्यापारी झाला तो महाराष्ट्रातून, हे आपण फारसं मिरवत नाही. आणि या विविध भारतीचा मुक्काम कुठे? बोरिवलीत, गोराई रोडवर. म्हणजे आपल्या शेजारीच. देशभरातले लोक फर्माइशी पाठवत आले, तो पत्ता आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

पावणेदहा कोटी

2002 च्या पाचही स्टेशनांना मुंबईची लायसन्स फी पडली वर्षाला 9 कोटी 75 लाख रुपये, वर दरसाल 15 टक्के वाढ. पहिली गाणी वाजायच्या आधीच मीटर पडलेलं! एवढे पैसे वसूल करायचे तर जाहिरातदार हवेत, जाहिरातदार हवेत तर गर्दी हवी आणि मुंबईत गर्दी जमते हिंदी सिनेमाच्या ताज्या गाण्याला. मग व्हायचं तेच झालं. स्टेशन बदलावं तर नव्या स्टेशनवर तेच गाणं, फार तर दुसऱ्या कडव्यावर.

वेगळं करून बघणारं होतं गो 92.5. इंग्रजी गाणी, जग्गू आणि तरानाची सकाळची जोडी, दक्षिण मुंबईत कौतुकच कौतुक. पण कौतुकावर लायसन्स फी भरता येत नाही. स्टेशन हिंदीकडे वळलं, रेडिओ वन झालं आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा इंग्रजी झालं! विन 94.6 ने तर लवकरच गाशा गुंडाळला. 2005 च्या नव्या धोरणात ठरावीक फीऐवजी उत्पन्नाच्या 4 टक्क्यांचं सूत्र आलं, तेव्हा कुठे मालकांना श्वास घेता आला.

एक छोटं कोडं

मुंबईच्या एफएम फ्रिक्वेन्सी बघा: 91.1, 91.9, 92.7, 93.5, 94.3. या आकड्यांत काय दडलंय? लागोपाठच्या प्रत्येक दोघांत बरोबर 0.8 चं अंतर. एकमेकांच्या गाण्यात घुसू नये म्हणून सरकारने आखून दिलेलं. याच आखणीत सिटीच्या 91 चं 91.1 झालं आणि गोचं 92.5 वरचं बिऱ्हाड 94.3 वर गेलं.

रिक्षावाल्याचा छळ कोण करतं?

मिरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसा. शांती पार्कपर्यंत एक गाणं, दोन जाहिराती आणि आरजेचा एक पाणचट विनोद, की उतरायची वेळ. तुम्हाला गाणं आवडतं. रिक्षावाल्याला विचारा! त्याने ते सकाळपासून चारदा ऐकलेलं असतं. त्याला वाटतं, आरजेला दुसरं गाणं माहीतच नाही. बिचाऱ्या आरजेच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

खरा कारभारी असतो म्युझिक मॅनेजर आणि त्याचं सॉफ्टवेअर. 'सिलेक्टर' हे त्यातलं जगभर चालणारं नाव. तासाचं एक घड्याळ आखलेलं असतं, त्याला स्टेशनवालेही 'क्लॉक'च म्हणतात. या मिनिटाला ताजं हिट, मग सहा महिन्यांपूर्वीचं, मग जिंगल, मग जुनं हुकमी. नियमही ठरलेले. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत, दोन संथ गाणी एकापाठोपाठ नकोत, काल ज्या वेळेला वाजलं ते गाणं आज त्याच वेळेला नको. सगळ्यात तापलेली मूठभर गाणी 'पॉवर रोटेशन'मध्ये, म्हणजे दर काही तासांनी हजर. हिशेब साधा आहे. बहुतेक श्रोते थोडाच वेळ ऐकतात आणि तेवढ्यात त्यांना हिट मिळालंच पाहिजे. दिवसभर ऐकणारा रिक्षावाला या हिशेबातच नाही.

गाणं उतरवायचं कधी, याचीही परीक्षा असते. फोन करून गाण्याचा ओळखीचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवतात. ओळखलंत का? आवडतं का? आणि मुख्य प्रश्न, कंटाळा आलाय का? कंटाळा आलेल्यांचा आकडा चढला की गाणं 'बर्न' झालं म्हणतात. लोकांना आवडतं, पण आता पुरे! लग्नातल्या जिलबीची तिसरी वाढ म्हणा ना.

मोजकीच गाणी पुन्हा पुन्हा वाजवायची ही तऱ्हा मूळची अमेरिकेतली. ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झ हा रेडिओमालक हॉटेलात बसून ज्यूकबॉक्स बघत होता. गिऱ्हाइकं दिवसभर तीच ती गाणी लावत होती आणि रात्री आवराआवर करताना वेट्रेसने स्वतःच्या पैशाने पुन्हा तेच गाणं लावलं, अशी दंतकथा आहे. खरी-खोटी देव जाणे, पण 'टॉप फॉर्टी'चा जन्म तिथलाच सांगतात.

आणि कोण किती ऐकतं हे मोजायचं कसं? 2007 पासून 'रॅम' नावाच्या मोजणीत मुंबईतल्या निवडक घरांना चक्क वह्या दिल्या जायच्या. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, कुठलं स्टेशन ऐकलं ते लिहा. कोट्यवधींच्या जाहिराती कुणाच्या तरी आठवणीवर आणि बॉलपेनवर!

तुम्हीही रेट्रो झालात

2015 च्या एफएम लिलावात मुंबईत दोन नव्या जागा निघाल्या. भाव फुटला 122 कोटींच्या वर, एकेकीला! एवढे पैसे मोजून पुन्हा तेच ताजं हिट वाजवणार कोण? 2016 मध्ये 91.9 वर रेडिओ नशा आलं, 106.4 वर रेडट्रो (नंतरचं मॅजिक). दोन्हींचा माल जुना. बिग एफएमने त्याआधीच अन्नू कपूर यांच्या 'सुहाना सफर'मधून जुन्या गाण्यांच्या गोष्टी सांगून बाजार दाखवून दिला होता. 104.8 ची कथा आणखी मजेची. आधी म्याँव, बायकांसाठी गप्पांचं स्टेशन. मग ओये. मग इश्क. फ्रिक्वेन्सी तीच, बारसं तीनदा.

या सगळ्यात 'जुनं' म्हणजे किती जुनं, याची रेघ सरकत राहते. भूले-बिसरे म्हणजे पूर्वी सैगल. नशावाल्यांनी त्यात नव्वदचं दशकही घेतलं. नव्वदीत बोरिवली परवडत नाही म्हणून मिरा रोडला फ्लॅट घेतलेली, तेव्हाची तरुण जोडपी आता अधिकृतपणे रेट्रो.

मराठीचं काय? मुंबईच्या खाजगी स्टेशनांवर मराठी गाणं हक्काने क्वचितच येतं. 2016 ला 'सैराट'चं 'झिंगाट' आलं तेव्हा मात्र कुणाचंच क्लॉक आडवं आलं नाही.

बातमी नाही, पण खड्डा चालेल

खाजगी एफएमला स्वतःची बातमी द्यायची मुभा नाही. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी लावता येते, बस. पण 2011 च्या धोरणाने वाहतूक, हवामान, पाणी-वीज वगैरे माहिती 'बातमी नव्हे' असं ठरवून टाकलं. म्हणून काशीमिऱ्याला ट्रॅफिक तुंबला हे आरजे सांगू शकतो, का तुंबला यावर पत्रकार परिषद घेऊ शकत नाही.

गाणं मात्र म्हणता येतं. 2017 च्या पावसाळ्यात रेड एफएमची आरजे मलिष्का हिने 'सोनू' या गाजलेल्या गाण्याचं विडंबन करून मुंबई महापालिकेला खड्ड्यांवरून चिमटा काढला. नगरसेवकांनी 500 कोटींच्या अब्रुनुकसानीची भाषा केली. मग पालिकेचं पथक तिच्या घरी पोचलं, तिथे त्यांना डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस निघाली. प्लेलिस्टमध्ये नसलेलं गाणं वाजवलं की असं होतं.