काळोख्या रात्री निघणारा मासा

मच्छीबाजारात टोपलीत लांबलचक वाम पाहिली की पोरे अम्मीच्या ओढणीमागे दडतात. हा साप की मासा, हा प्रश्न कोकणातल्या बहुतेक घरांत एकदा तरी विचारला गेला असेल. आहे मासाच, अंग तेवढे सापाचे. आज आम्ही वामेच्या दूरच्या नात्यातल्या एका माशाची हकीकत सांगणार आहोत. त्याचे नाव युरोपीय ईल. नाव युरोपचे असले तरी नॉर्वेपासून तुर्कस्तान, इजिप्त, ट्युनिशिया आणि मोरोक्कोपर्यंतच्या नद्या, तळी आणि खाड्या हे सगळे त्याचे घर आहे.

या माशाने शहाण्यासुरत्यांना फार छळले. कारण साधे होते. हजारो ईल पकडले, कापले, खाल्ले, पण कुणाच्याही पोटात पिकलेली अंडी सापडली नाहीत. ॲरिस्टॉटल, म्हणजे आपल्या जुन्या उर्दू पुस्तकांतला अरस्तू, त्याने तर ईल चिखलातूनच उपजतात असे ठरवून टाकले. पुढे 1876 मध्ये व्हिएन्नाच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी इटलीजवळच्या त्रिएस्त बंदरात बसून सुमारे चारशे ईल चिरत राहिला. त्याला नराची जननेंद्रिये शोधायची होती. ठाम असे काही हाती लागले नाही. हा विद्यार्थी म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. पुढे तो माणसाच्या मनाकडे वळला. आमच्या मते ते त्या मानाने सोपे काम असावे!

फ्रॉइडला सापडेना, कारण तिथे फारसे काही तयारच झालेले नव्हते. ईल गोड्या पाण्यात दहा-पंधरा, कधी वीसहून अधिक वर्षे काढतो. दिवसा चिखलात, दगडाखाली. रात्री शिकारीला बाहेर. मग एका वर्षी त्याच्या अंगात बदल सुरू होतात. पिवळसर पोट चांदीसारखे चकाकू लागते, पाठ काळी पडते, डोळे मोठे होतात. खाणे सुटते, आतडी आक्रसतात. यापुढे तो एक घासही खाणार नाही. अंगात साठवलेल्या चरबीवरच सारी मजल मारायची. पावसाळी, वादळी, चाँद नसलेल्या शरद ऋतूतल्या रात्री नदीला पाणी चढले की हे रुपेरी ईल समुद्राकडे निघतात. अंडी आणि वीर्य पक्व होते ते वाटेत, भर महासागरात. नदीतला ईल कापून ते दिसणार कसे?

ते जातात कुठे, हे शोधायला एका माणसाचे तारुण्य खर्ची पडले. 1896 मध्ये इटलीच्या ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी दाखवून दिले होते की समुद्रात सापडणारा पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक एक जीव हे ईलचेच पिल्लू आहे. तोवर त्याला वेगळाच मासा समजत. असली पिल्ले भूमध्य समुद्रात मिळत, म्हणून ईल तिथेच जन्मत असावेत असा समज झाला. पण 1904 मध्ये योहानेस श्मिट या डॅनिश संशोधकाला असे एक पिल्लू अटलांटिकमध्ये, फेरो बेटांच्या पश्चिमेला सापडले. लांबी 77 मिलिमीटर. श्मिटने मग एक सरळ हिशेब मांडला. पिल्लू जितके लहान तितके जन्मस्थान जवळ. बारीक जाळी ओढत तो महासागर पालथा घालू लागला, व्यापारी जहाजांच्या कप्तानांनाही त्याने जाळी दिली. पश्चिमेला सरकावे तशी पिल्ले लहान होत गेली. मध्येच त्याचे एक जहाज फुटले, मग पहिले महायुद्ध आले. अखेर 1920 नंतरच्या सफरींत त्याला सर्वांत लहान पिल्ले मिळाली ती सार्गासो समुद्रात.

हा समुद्र अजबच आहे. त्याला किनारा नाही. बर्म्युडाच्या आसपास, चहूबाजूंनी सागरी प्रवाहांनी वेढलेले ते निळे, संथ पाणी. वर तरंगणाऱ्या सोनेरी शेवाळाचे पुंजके. युरोपातून तिथवर पाच-सहा हजार किलोमीटर. नाईलच्या मुखातून निघालेल्या ईलला तर सारा भूमध्य समुद्र कापून, जबल-अल-तारिक म्हणजे जिब्राल्टरच्या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडून मग अटलांटिक ओलांडायचा. तिथून कुणी परतत नाही. अंडी घातली की ईल मरतात असे मानले जाते. परततात ती पिल्ले, प्रवाहाबरोबर वाहत. किनाऱ्याशी येईपर्यंत ती बोटभर लांबीची, आरपार दिसणारी होतात. त्यांना काच-ईल म्हणतात.

वाटेतला त्यांचा दिनक्रम आता थोडाफार कळला आहे. रात्री ते दोन-तीनशे मीटर खोलीवर पोहतात आणि उजाडले की सहाशे मीटरच्याही खाली उतरतात. दिवसा खाऊन टाकणारे बरेच, हे एक कारण असावे. 2018 आणि 2019 मध्ये अझोरेस बेटांवरून 26 माद्यांच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवून त्यांना सोडण्यात आले. ठरल्या दिवशी यंत्र सुटून वर तरंगते आणि ठावठिकाणा कळवते. 2022 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाच माद्या सार्गासोच्या हद्दीपर्यंत पोहोचल्या होत्या, त्यांतली एक थेट अंडी घालण्याच्या अंदाजित जागी. मोठा ईल तिथवर गेल्याचा हा पहिला थेट पुरावा. तरीही त्या पाण्यात ईलची जोडी किंवा एक अंडे आजवर कुणाच्या नजरेस पडलेले नाही. जपानी ईलची अंडी मात्र 2009 मध्ये मारियाना बेटांच्या पश्चिमेला सापडली. ते मासे अमावस्येच्या दोन-चार दिवस आधी अंडी घालतात.

आता काळजीची गोष्ट. किनाऱ्याला लागणाऱ्या काच-ईलची संख्या 1980 पासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आहे. 2008 पासून हा मासा अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. नद्यांवर धरणे झाली, वीजनिर्मितीच्या चक्रांत खाली जाणारे ईल चिरडतात. आशियातून आलेला एक कृमी त्यांच्या वायुपिशवीत शिरतो, आणि पिशवी बिघडली तर एवढी खोली कशी सोसणार? त्यात भर तस्करीची. ईल बंदिस्त जागी वाढवता येतो, पण व्यापारासाठी पैदास करता येत नाही. पिल्ले समुद्रातूनच धरावी लागतात. युरोपीय संघाने 2010 मध्ये निर्यात बंद केली, तरी पाण्याच्या पिशव्यांत भरलेली काच-ईल सूटकेसमधून पूर्व आशियात जातच असतात.

आम्हाला यात एक गोष्ट विशेष वाटते. आनुवंशिक तपासणीत दिसले आहे की नॉर्वेचा ईल आणि ट्युनिशियाचा ईल वेगळ्या कुळांचे नाहीत. सगळे एकाच पाण्यात जमतात आणि त्यांची पिल्ले मिळेल त्या किनाऱ्याला लागतात. बापाची नदी लेकाच्या वाट्याला येईलच असे नाही. म्हणजे एका देशाने राखलेले ईल दुसऱ्याच देशाच्या नदीत जन्माचा पसारा मांडू शकतात, आणि एकाने मारलेले सर्वांच्याच हिशेबातून वजा होतात.

आयर्लंडमध्ये 2009 पासून ईलची व्यापारी मासेमारी बंद आहे. तिथल्या शॅनन नदीवर शरद ऋतूत अजूनही जाळी लागतात. धरणाच्या वरच्या बाजूला रुपेरी ईल धरतात, टाकीत घालून गाडीने धरणाच्या खाली नेतात आणि पुन्हा नदीत सोडून देतात.