लूमच्या गावात फ्रेंच

चार मिनिटांचा एक प्रसंग घ्यायचा. आधी पडद्यावरच्या अक्षरांशिवाय बघायचा, मग फ्रेंच अक्षरं लावून, मग वाक्यागणिक थांबवत, आणि शेवटी पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकायचा. यात पाऊण तास सहज जातो. घरामागे पावरलूम चालू असतात, त्यामुळे इयरफोन घट्ट बसवल्याशिवाय काही धड ऐकू येत नाही. बुऱ्हाणपुरात फ्रेंच शिकवणारं मला कुणी मिळालं नाही, आणि आल्यांस फ्रांसेझचं केंद्र आहे भोपाळला. तेव्हा मोबाइलच्या पडद्यालाच मास्तर केलं.

पहिला प्रश्न येतो तो अक्षरांच्या भाषेचा. सुरुवातीला सगळेच इंग्रजी सबटायटल लावतात. गोष्ट कळते, हसू वेळेवर येतं, पण डोळे वाचत असतात तेवढा वेळ कान स्वस्थ बसतात. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक झालेले ब्रिज कोठारी 1996 मध्ये अमेरिकेत शिकत होते आणि स्पॅनिशही शिकत होते. पेद्रो आल्मोदोवारचा स्पॅनिश सिनेमा बघताना अक्षरं इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्येच असती तर, असं त्यांच्या मनात आलं. त्यातूनच हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी दाखवून लोकांचं वाचन पक्कं करण्याची कल्पना निघाली आणि पुढे ती दूरदर्शनवर आली. पुढे 2009 मध्ये होल्गर मिटरर आणि जेम्स मॅकक्वीन या संशोधकांनी डच विद्यार्थ्यांना ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश ढंगाचं इंग्रजी ऐकवलं. खाली इंग्रजी अक्षरं असलेल्यांचा कान त्या बोलीला सरावला. डच अक्षरं असलेल्यांना ती उलट आड आली.

फ्रेंचला तर ही अक्षरं हवीतच. मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात, या तिन्हींत क्रियापद लिहायचं वेगवेगळं आणि उच्चारायचं मात्र एकसारखं, 'पार्ल'. आपल्याला लिहिल्याबरहुकूम वाचायची सवय. तिथे शेवटची अक्षरं निम्म्या वेळा मुकी. शिवाय बोलताना माणसं शब्द गिळतात. 'मला माहीत नाही' हे पुस्तकात 'झ न से पा' असतं, मालिकेतला पोलीस नुसतं 'शेपा' म्हणतो. खाली पूर्ण वाक्य दिसलं नाही तर हा एखादा नवाच शब्द वाटतो आणि माणूस तो कोशात शोधत बसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. मूळ इंग्रजी किंवा कोरियन मालिका फ्रेंच आवाजात लावली की ऐकू येणारं आणि दिसणारं जुळत नाही, कारण आवाजाचा अनुवाद वेगळा झालेला असतो आणि अक्षरांचा वेगळा. शिकणाऱ्याने मूळ फ्रेंचच घ्यावं, आणि त्यातही कर्णबधिरांसाठी केलेली अक्षरं. फ्रान्सने 11 फेब्रुवारी 2005 च्या कायद्याने मोठ्या वाहिन्यांना अशी अक्षरं देणं बंधनकारक केलं. आपण त्याचे आगंतुक लाभार्थी.

उच्चारांत बुऱ्हाणपूरकराला थोडी सवलत आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी उर्दू. हिंदीतल्या 'हाँ' आणि 'में' मधले नाकातले स्वर जिभेला सवयीचे असतात, ते फ्रेंचमध्ये जवळजवळ तसेच चालतात. फ्रेंच 'र' घशातून येतो. तो मला साधला शेजारच्या चाचांच्या 'ग़ज़ल'मधल्या पहिल्या अक्षरावरून. तेच अक्षर थोडं आणखी मागे ढकललं की झालं. फ्रेंच 'तू' मधला स्वर मात्र आपल्याकडे कुठेच नाही. ओठ 'ऊ'चे ठेवायचे आणि जीभ 'ई'ची. इथे रेडिओपेक्षा पडदा बरा, कारण बोलणाऱ्याचे ओठ जवळून दिसतात.

काय बघावं? 'ल बालाँ रूज' हा 1956 चा लाल फुग्याचा सिनेमा सुंदर आहे, पण त्यात जवळजवळ कुणी बोलतच नाही, भाषेसाठी निरुपयोगी. माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे निकोला फिलिबेर यांचा 2002 चा माहितीपट, 'एत्र ए आव्वार'. ओव्हेर्न्य भागातली एकशिक्षकी शाळा, बालवाडीपासून पाचवीपर्यंतची पोरं एकाच खोलीत. मास्तर सावकाश बोलतात, वाक्य दोनदा सांगतात, शुद्धलेखन घालतात. त्या वर्गात मागच्या बाकावर आपणही खुशाल बसावं. याउलट 2008 चा दानी बून यांचा 'बियाँव्हन्यू शे ले श्ती': दक्षिणेतला पोस्टाचा साहेब बदली होऊन उत्तरेला जातो, आणि तिथे लोक 'स'च्या जागी 'श' म्हणतात. पुण्याचा अधिकारी चोपड्याला यावा आणि बोली ऐकून गांगरावा, तसला मामला. तो वर्षभरानंतर बघावा, आधी नाही.

पडदा उलट प्रश्न विचारत नाही, ही त्याची मोठी उणीव. गावातल्या दर्गा-ए-हकीमीला परदेशातूनही बोहरा यात्रेकरू येतात, आणि बोहरा समाजाची वस्ती मादागास्करमध्येही आहे, जिथे फ्रेंच राजभाषा आहे. एका दुपारी फाटकाबाहेर एक आजोबा नातवाची फ्रेंचमध्ये समजूत घालत होते. पोराला आणखी चालायचं नव्हतं. सगळं कळलं. बोलायला गेलो तर नमस्कारापलीकडे वाक्य जुळेना, कारण तोवर मी दुसऱ्यांचीच संभाषणं ऐकत आलो होतो. आता प्रत्येक प्रसंगात एका पात्राचा आवाज बंद करून त्याची वाक्यं मी म्हणतो. घरचे हसतात, पण याने फरक पडला.

दुसरी उणीव पुस्तक उघडल्यावर कळली. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए बुऱ्हाणपुरावरून गेला होता. त्याचं प्रवासवर्णन पॅरिसमध्ये 1676 साली निघालं. ते मुळातून वाचायला घेतलं तर पानापानावर क्रियापदांची अशी रूपं की जी मालिकांत कधी कानावर पडली नव्हती. फ्रेंचमध्ये एक भूतकाळ जवळपास फक्त लिहिण्यासाठीच राखलेला आहे. आज गप्पांत तो कुणी वापरत नाही, म्हणून पडद्यावर तो येईल तरी कसा? त्यासाठी व्याकरणाचं पुस्तक मागवून रूपं घोकावी लागली. आता ताव्हेर्निए हळूहळू उलगडतोय. पडझड झालेलं मोठं शहर, गवताने शाकारलेली बरीचशी घरं, आणि इथून इराण, तुर्कस्तान, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जाणारं तलम कापड.