रीओ-ओर्तेगा, पीओ देल

रीओ-ओर्तेगा, पीओ देल : (५ मे १८८२ – १ जून १९४५). स्पॅनिश ऊतकवैज्ञानिक. मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक कोशिकांचे शोधक. मेंदूच्या शोथाविषयीचे (दाहयुक्त सुजेविषयीचे) आजचे संशोधन मुख्यत्वे याच कोशिकांभोवती चालते.

त्यांचा जन्म व्हॅलादोलिद प्रांतातील पोर्तीयो या गावी झाला. व्हॅलादोलिद विद्यापीठातून वैद्यकाची पदवी (१९०५) घेतल्यावर काही काळ त्यांनी गावीच वैद्यकीय व्यवसाय केला. परंतु ओढा सूक्ष्मदर्शकाकडे असल्याने तो सोडून ते माद्रिदला आले व मेंदूतील अर्बुदांवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. शिष्यवृत्तीवर पॅरिस व बर्लिन येथे अभ्यास केल्यानंतर ते माद्रिदमध्ये निकोलास आचूकारो यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. ही प्रयोगशाळा सांत्यागो रामॉन ई काहाल (१९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी) यांच्या संस्थेच्याच छत्राखाली होती. १९१८ मध्ये आचूकारो अकाली मरण पावले आणि तेथील कामाची धुरा ओर्तेगांकडे आली.

तंत्रिका कोशिका (न्यूरॉन) व ताराकृती आधारकोशिका यांखेरीज मेंदूत आणखी काही कोशिका असून त्यांना शाखा नसतात, असे काहाल यांनी १९१३ मध्ये म्हटले होते; या गटाला त्यांनी ‘तिसरा घटक’ असे नाव दिले होते. शाखा नव्हत्या असे नाही. तत्कालीन अभिरंजनाने त्या रंगत नव्हत्या, एवढेच. ओर्तेगांनी सिल्व्हर कार्बोनेटाची नवी अभिरंजन पद्धत सिद्ध केली आणि तिने या कोशिकांच्या नाजूक, फांद्यांसारख्या शाखा प्रथमच स्पष्ट दिसल्या. १९१९ मधील चार निबंधांत त्यांनी या कोशिकांना ‘मायक्रोग्लिया’ असे नाव दिले. इजा वा संसर्ग होताच या कोशिका शाखा आखडून घेतात, फुगतात, सरकत जाऊन मृत ऊतकाचे अवशेष गिळतात, हेही त्यांनी दाखविले. विकृतिविज्ञांना निरनिराळ्या नावांनी परिचित असलेल्या दंडाकृती व मेदकणयुक्त कोशिका म्हणजे मायक्रोग्लियाचीच बदललेली रूपे होत, हा त्यांचा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा ठरला. तिसऱ्या घटकातील उरलेल्या कोशिकांचे वर्णन त्यांनी १९२१ मध्ये ‘ऑलिगोडेंड्रोग्लिया’ या नावाने केले.

काहाल यांना हे सहज पटले नाही. स्कॉटिश विकृतिवैज्ञानिक विल्यम फोर्ड रॉबर्टसन यांनी १९०० मध्ये वर्णिलेल्या ‘मेसोग्लिया’चा अग्रमान त्यांनी पुढे केला. वस्तुतः रॉबर्टसन यांनी पाहिलेल्या कोशिका बहुतांशी ऑलिगोडेंड्रोग्लिया असाव्यात, असे आता मानले जाते. मतभेदांत प्रयोगशाळेतील वैयक्तिक कुरबुरींची भर पडली आणि १९२० मध्ये ओर्तेगांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. माद्रिदच्या ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियांतेस’ या विद्यार्थिनिवासातील साध्या जागेत त्यांनी काम चालू ठेवले. त्यांची पद्धत शिकण्यासाठी वाइल्डर पेनफील्ड हे मेंदूशल्यचिकित्सक १९२४ मध्ये तेथे आले, तर जर्मनीत त्याच वर्षी मायक्रोग्लियाला ‘ओर्तेगा कोशिका’ म्हटले जाऊ लागले. पेनफील्ड यांनी संपादित केलेल्या १९३२ च्या ग्रंथातील मायक्रोग्लियावरील प्रकरण ओर्तेगांचेच आहे. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. पण ते मिळाले नाही.

मायक्रोग्लिया मध्यजनस्तरातून उत्पन्न होऊन, जन्माच्या सुमारास मृदुतानिकेतून (मेंदूच्या सर्वांत आतील आवरणातून) मेंदूत शिरतात, असे त्यांचे मत होते व त्यावर दीर्घकाळ वाद झाला. उंदरांवरील संशोधनातून २०१० मध्ये असे दिसून आले की, या कोशिका भ्रूणाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेत पीतककोशात निर्माण होऊन मेंदूत येतात. म्हणजे त्या बाहेरून येतात हे ओर्तेगांचे म्हणणे खरे ठरले. वाट व वेळ मात्र चुकली होती. निरोगी मेंदूतील मायक्रोग्लियाला ‘विश्रांत’ म्हणण्याचा पूर्वापार प्रघातही २००५ मध्ये डळमळला : जिवंत उंदरांच्या मेंदूत त्यांच्या शाखा सतत हलत भोवताल चाचपताना दिसल्या. अल्झायमर रोगाचा धोका वाढविणाऱ्या काही जनुकीय भेदांचा या कोशिकांशी असलेला संबंधही पुढे उघड झाला.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. ओर्तेगा त्या वेळी माद्रिदच्या कर्करोग संस्थेत होते. त्यांना देश सोडावा लागला व पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथे काम करून १९४० मध्ये ते अर्जेंटिनात गेले. ब्वेनस एअरीझ येथे नवी प्रयोगशाळा उभारून त्यांनी तंत्रिका तंत्रातील अर्बुदांचा अभ्यास चालविला. तेथेच कर्करोगाने त्यांचे निधन झाले. काहाल यांच्याशी असलेल्या संबंधांविषयीचे त्यांचे आत्मकथन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांचे अवशेष व्हॅलादोलिदला आणण्यात आले.