दोन इंचांचा पाहुणा, बारा वर्षांचा सोबती

शोभेच्या माशांच्या दुकानात आपण कधी मुलांना घेऊन गेला असाल, तर एका लहानशा माशाने आपले लक्ष वेधून घेतले असण्याचा संभव आहे. लांबी जेमतेम दोन इंच, अंग काळेभोर, त्यावर नारिंगी व पांढऱ्या रंगांचे वेडेवाकडे फराटे आणि अंगाच्या मानाने डोळे मोठे. इतर मासे आपल्याच नादात पोहत असतात. हा मात्र काचेजवळ येऊन आपल्याकडे पाहू लागतो. बोट जिकडे फिरवावे तिकडे तो वळतो. मुले तेथून हलावयास तयार होत नाहीत. किंमतही बेताचीच असते, आणि मग तो पाण्याने भरलेल्या पिशवीतून आपल्या घरी येतो. बाजारात या माशाला ‘ऑस्कर’ म्हणतात.

प्रस्तुत लेखकाच्या दिल्लीतील बिऱ्हाडी पाच वर्षांपूर्वी, नवरात्राच्या सुमारास, तो असाच आला. कन्या तेव्हा आठ वर्षांची होती. घरात दोन फूट लांबीची, सुमारे ५० लिटर पाणी मावेल अशी काचेची टाकी होती. पाहुणा दोन इंचांचा, तेव्हा ही जागा त्याला ऐसपैस आहे असे आम्हांस वाटले. जानेवारीपर्यंत तो पाच इंचांचा झाला. पाणी वारंवार गढूळ होऊ लागले. पुढे कधीतरी मोठी टाकी घेऊ, असे आम्ही रोज म्हणत होतो. थंडीच्या एका रात्री सहा तास वीज गेली, फिल्टर व हीटर दोन्ही बंद पडले, आणि सकाळी मासा तळाशी निश्चल पडलेला दिसला. कन्या रडली नाही. तिने एवढेच विचारले, “बाबा, आपण त्याला मोठं घर नक्की केव्हा देणार होतो?”

वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. मासा आणण्यापूर्वीच ते ठरलेले असावयास हवे होते. आपल्या घरी असा पाहुणा येणार असेल तर आपली अशी फसगत होऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

हा आहे तरी कोण?

ऑस्कर हा ‘सिक्लिड’ नावाच्या मोठ्या मत्स्यकुळातला. या कुळातील सोळाशेहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी वर्णिलेल्या असून त्यांपैकी शेकडो जाती आफ्रिकेतील व्हिक्टोरिया, मलावी व टांगानिका या महासरोवरांत नांदतात. आपल्या देशातही या कुळाचे मूळचे तीन प्रतिनिधी आहेत. त्यांतला एक आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. केरळात ज्याला ‘करिमीन’ म्हणतात आणि २०१० साली ज्याला त्या राज्याने आपला राज्यमत्स्य म्हणून गौरविले, तोच गोव्यात ‘काळुंदर’ या नावाने ताटात येतो. तेव्हा ऑस्कर परदेशचा असला तरी सर्वस्वी परका नव्हे; आपल्या काळुंदराचा तो दूरचा भाऊबंद होय.

त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. तेथील संथ वाहणाऱ्या, झाडाझुडपांच्या मुळ्यांनी भरलेल्या पाण्यात तो राहतो, आणि तेथील लोक त्याला आवडीने खातातही. १८३१ साली लुई अगासी या शास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले, तेव्हा हा समुद्रातील मासा असावा अशी त्यांची समजूत झाली होती. शेपटीच्या मुळाशी त्याला एक काळा ठिपका असतो व त्याभोवती नारिंगी कडे असते. दुरून पाहता तो डोळाच वाटतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘ऑसेलेटस’ हा शब्द या नेत्राकार ठिपक्यावरूनच आला आहे. ॲमेझॉनच्या पाण्यात इतर माशांच्या शेपट्या कुरतडणारे पिरान्हा असतात. शेपटीकडे डोळा दिसला की तोंड कोठले आणि शेपूट कोठली याविषयी त्यांचा घोटाळा होत असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

त्याचा लळा

मासा हा पाळीव प्राणी असला तरी कुत्र्यामांजरांसारखा लळा तो काय लावणार, असे आपणांस वाटेल. ऑस्कर पाळलेल्या कोणत्याही घरी जाऊन पाहावे. खोलीत घरच्यांचे पाऊल पडताच तो काचेशी येऊन अंग हलवू लागतो. जो माणूस त्याला नित्य खाऊ घालतो त्याच्या मागे काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. कित्येक ऑस्कर हातातून अन्न घेतात. टाकीतील दगड हलविले किंवा पाणी बदलले की काही जण चक्क एका कुशीवर पडून राहतात, आणि प्रथमच पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो. थोड्या वेळाने स्वारी उठून पुन्हा फिरू लागते.

हे सारे प्रेमच आहे, असा दावा आम्ही करणार नाही. खाऊ देणारा हात तो ओळखतो, एवढे मात्र खरे. आणि सिक्लिड माशांची बुद्धी आपल्या समजुतीपेक्षा बरीच तल्लख असल्याचे शास्त्रज्ञांनाही आढळून आले आहे. जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच कुळातील एका आफ्रिकी जातीच्या माशांना गणित शिकविले. आकृत्या निळ्या असतील तर एक मिळवावा आणि पिवळ्या असतील तर एक वजा करावा, हा नियम त्यांतले अनेक मासे शिकले आणि पाचपर्यंतच्या संख्यांत तो बरोबर लावू लागले. असा प्राणी आपल्याकडे टक लावून पाहतो तेव्हा त्या पाहण्याला काही अर्थ असतो, हे मानावयास हरकत नाही.

घर किती मोठे असावे?

दुकानातील दोन इंच हे त्याचे बालपण होय, ही एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्मे काम झाले. चांगल्या संगोपनात तो पहिल्या काही महिन्यांत महिन्याला सुमारे एक इंच वाढतो आणि वर्षासव्वा वर्षात दहा-बारा इंचांचा होतो. पुढे दहा-बारा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक, तो जगतो. ‘टाकी लहान असेल तर मासाही लहानच राहतो’ असे सांगितले जाते. वाढ खुंटते हे खरे. पण ती दूषित पाण्यामुळे आणि कोंडीमुळे खुंटते, आणि त्याबरोबर आयुष्यही खुंटते.

एका ऑस्करसाठी किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद व साधारण पावणेदोन फूट उंच टाकी हवी. तीत सुमारे २७५ लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. त्यात काच, वाळू व दगड यांची भर घातली म्हणजे एकंदर भार ३०० किलोंच्या वर जातो. म्हणून घरातील साध्या मेजावर ही टाकी ठेवू नये. भक्कम लोखंडी अथवा लाकडी घडवंची भिंतीलगत ठेवावी आणि तिच्यावर थेट ऊन पडणार नाही असे पाहावे. झाकण अवश्य हवे, कारण हा मासा उडी मारतो. वनस्पती तो उपटून टाकतो, तळाची रेती तोंडाने उकरतो; तेव्हा सजावटीचा हौसेने थाट मांडू नये. बारीक वाळू आणि टेकलेले न घसरतील असे दोन-तीन गुळगुळीत मोठे दगड पुरेत. काचेचा हीटर तो धडक देऊन फोडू शकतो. त्यावर जाळीचे आवरण घालावे.

न दिसणारे विष

माशाचे सारे जीवन पाण्यात. तेच त्याचे घर, तेच त्याचे न्हाणीघर. ऑस्कर खातो पुष्कळ आणि घाणही पुष्कळ करतो. त्याच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो आणि पाणी स्वच्छ दिसत असतानाही त्यात असू शकतो. निसर्गाने यावर उपाय योजला आहे. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्रेट बनवितात आणि ते पुष्कळ कमी घातक असते. हे उपकारक जीवाणू मुख्यतः फिल्टरमधील स्पंजावर वस्ती करतात. ही वस्ती जमावयास चार ते सहा आठवडे लागतात.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, टाकी आणि मासा एकाच दिवशी घरी आणू नयेत. टाकी आधी भरून, फिल्टर चालू करून, चिमूटभर अन्न घालीत महिना-दीड महिना तशीच चालवावी. पाणी तपासण्याचा संच दुकानात मिळतो, त्याने अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री करावी. दुसरा, आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच ताजे पाणी घालावे. नायट्रेट बाहेर जावयास दुसरा सोपा मार्ग नाही. तिसरा, फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. नळाच्या पाण्यातील क्लोरिन त्या जीवाणूंचा नाश करतो. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलक्या हाताने पिळून घ्यावा. ताज्या पाण्यातील क्लोरिन घालविण्यासाठी पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा त्यासाठी मिळणारे औषध प्रमाणात वापरावे.

पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे. मुंबई, गोवा, चेन्नई येथील वाचकांना याची फारशी चिंता नाही. परंतु दिल्ली, नागपूर, इंदूर, भोपाळ अशा ठिकाणी हिवाळ्यात हीटर अनिवार्य आहे. पाणी १३ अंशांच्या आसपास उतरले तर हा मासा जगत नाही. उन्हाळ्यात उलट अडचण येते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप अधिक वेळ चालवावा. वीज जाण्याचा नेम नसेल तेथे बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवावा आणि वीज नसेपर्यंत माशाला खाऊ घालू नये. ही वस्तू फार महाग नसते. आमच्या घरी ती त्या रात्री नव्हती.

आहार आणि संगत

सिक्लिडांसाठी तयार केलेल्या चांगल्या प्रतीच्या गोळ्या हे मुख्य अन्न असावे. त्याच्या जोडीस सोललेली कोळंबी, गांडुळे, क्वचित उकडलेला वाटाणा द्यावा. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा व मोठ्यांना एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. आठवड्यातून एक दिवस उपवास हितकरच. ऑस्कर मात्र सदैव उपाशी असल्याचा आव आणतो. त्या नजरेला घरातील आजी विशेष बळी पडतात, असा आमचा अनुभव आहे.

जिवंत लहान मासे त्याच्यापुढे सोडून मौज पाहण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. त्या माशांबरोबर रोग येतात. शिवाय गोल्डफिशसारख्या माशांच्या शरीरातील एक द्रव्य ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करते, आणि त्यांवरच पोसलेल्या माशाला त्याची उणीव भासते. डोक्यावर लहान खड्डे पडू लागणे हा या जातीत आढळणारा एक विकार आहे. असे दिसताच प्रथम पाण्याची शुद्धता आणि आहाराचा समतोल तपासावा.

तोंडात मावेल असा कोणताही मासा ऑस्करचा सोबती होऊ शकत नाही. तो भक्ष्य होतो. दोन ऑस्कर ठेवावयाचे झाल्यास टाकी सहा फुटांची असावी. नर कोणता आणि मादी कोणती हे बाह्य रूपावरून ओळखता येत नाही. योगायोगाने जोडपे जमलेच, तर एक सुंदर कौटुंबिक चित्र पाहावयास मिळते. सपाट दगड दोघे तोंडाने स्वच्छ करतात, त्यावर हजाराहून अधिक अंडी घातली जातात, आणि आईबाप दोघेही आळीपाळीने पहारा देतात.

निरोप देण्याची वेळ आली तर

बदली होते, घर बदलते, कधी उत्साह सरतो. अशा वेळी मासा जवळच्या तलावात किंवा नदीत सोडून देणे अनेकांना पुण्याचे वाटते. हे भूतदयेचे कृत्य नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९५० नंतरच्या दशकात ऑस्कर असाच पाण्यात शिरला आणि तेथील कालव्यांत कायमचा स्थायिक झाला. आपल्याकडे १९५२ साली आणलेला मोझांबिक तिलापिया हाही सिक्लिडच. तो आज देशातील कितीतरी जलाशयांत पसरला असून स्थानिक माशांच्या अन्नात व जागेत त्याने वाटा मागितला आहे. म्हणून मासा ठेवणे अशक्य झाल्यास दुसऱ्या हौशी पालकाकडे द्यावा किंवा दुकानदाराला परत करावा. मासा आणतानाच ‘मोठा झाल्यावर परत घ्याल काय?’ असे दुकानदारास विचारून ठेवणे उत्तम.

आमच्या घरी ती दोन फुटांची टाकी काही महिने रिकामीच होती. पुढे चार फुटांची आली. ती दीड महिना माशावाचून चालली, आणि कन्येने दर आठवड्याला पाणी तपासून आकडे वहीत लिहिले. ज्या दिवशी दोन्ही आकडे शून्य झाले त्या दिवशी आम्ही दुसरा ऑस्कर आणला. आज तो चार वर्षांचा व फूटभर लांबीचा आहे. कन्या तेरा वर्षांची आहे. तो बारा वर्षांचा होईल तेव्हा ती एकवीस वर्षांची असेल, आणि कदाचित शिक्षणासाठी दूर गेलेली असेल. तेव्हा पाणी कोण बदलील, हेही तिने विचारून घेतले आहे. या वेळी उत्तर तयार होते.

आपल्या मुलांनी दुकानात असाच हट्ट धरला तर त्यांना लगेच नाही म्हणू नये. घरी येऊन त्यांच्या हाती मोजपट्टी द्यावी आणि भिंतीशी चार फूट जागा मोजावयास सांगावे. जागा निघाली, दीड महिना धीर टिकला, आणि दर रविवारी बादली उचलण्याची तयारी असली, तर त्या पाहुण्याला अवश्य घरी आणावे.