नव्याण्णव सेकंद

मुलांनो, नव्याण्णव सेकंदांत काय काय होतं? बुटांच्या लेस बांधून होतात, पाण्याची बाटली भरून होते. (मधल्या सुट्टीतला डबा मात्र संपत नाही, हे मी वर्गात रोज बघते!) पण एवढेच सेकंद हाताशी असताना जास्मिन पॅरिसने एक शर्यत पूर्ण केली. ती शर्यत तोवर एकाही स्त्रीला पूर्ण करता आली नव्हती.

शर्यतीचं नाव बार्कली मॅरेथॉन्स. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात फ्रोझन हेड नावाचं डोंगराळ जंगल आहे, तिथे ती होते. मॅरेथॉन असते सुमारे ४२ किलोमीटरची. त्याहून लांब धावायचं असेल तर तिला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. इथे निदान ३२ किलोमीटरची एक फेरी, अशा पाच फेऱ्या आणि वेळ फक्त ६० तास. म्हणजे अडीच दिवस. पाचही फेऱ्यांमधले चढ एकत्र केले, तर सुमारे १८,००० मीटर होतात. एव्हरेस्टच्या दुप्पट!

ही कल्पना सुचली कशी, तेही मजेशीर आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खुनी जेम्स अर्ल रे १९७७ साली इथल्याच ब्रशी माउंटन तुरुंगातून पळाला. दोन दिवसांहून जास्त वेळ तो जंगलात भटकला, तरी फार लांब काही गेला नाही. ते ऐकून गॅरी कँट्रेल नावाच्या धावपटूला वाटलं, एवढ्या वेळात मी शंभर मैल गेलो असतो! आणि १९८६ पासून शर्यत सुरू झाली. या कँट्रेलना सगळे लॅझरस लेक म्हणून ओळखतात.

शर्यतीची वेळ आधी कुणालाच सांगत नाहीत. अचानक शंख वाजतो. हो, खराखुरा शंख! तो वाजला की तासाभरात पिवळ्या फाटकापाशी हजर व्हायचं. लेक सिगारेट पेटवतात, तीच सुरुवातीची खूण. (ती सवय तेवढी उचलू नका.) वाटेवर बाण नाहीत, झेंडे नाहीत. नकाशा आणि होकायंत्र वापरून आपली वाट आपणच शोधायची. मग अमुक धावपटू खरंच सगळीकडे गेला, हे कळायचं कसं? त्यासाठी जंगलात ठिकठिकाणी पुस्तकं लपवलेली असतात. आपल्या छातीवरच्या क्रमांकाचं पान प्रत्येक पुस्तकातून फाडून आणायचं. एक जरी पान कमी भरलं तरी फेरी बाद. पुस्तकाची पानं फाडल्याबद्दल शाबासकी मिळण्याची जगातली ही एकच जागा असावी!

धावपटूने हार मानली की तळावर त्याच्यासाठी बिगूल वाजवतात. बहुतेक सगळ्यांसाठी तो वाजतोच. २०१७ साली कॅनडाचा गॅरी रॉबिन्स शेवटच्या फेरीची सगळी पानं घेऊन परत निघाला होता. धुक्यात त्याची वाट चुकली. तो भलत्याच दिशेने फाटकापाशी पोचला, तेव्हा साठ तास होऊन सहा सेकंद झाले होते.

आता जास्मिनबद्दल. ती ब्रिटनची, व्यवसायाने प्राण्यांची डॉक्टर. तिकडे डोंगरावर पायवाट सोडून धावण्याचा खेळ जुना आहे, त्यातच ती तयार झाली. २०१९ साली ४३१ किलोमीटरची स्पाइन रेस तिने पुरुषांनाही मागे टाकून जिंकली, तीही जानेवारीच्या थंडीत. घरी तान्ही मुलगी होती. म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती बाळासाठी दूध काढून ठेवत होती. शेवटी शेवटी तिला दगडांमधून प्राणी बाहेर येताना दिसू लागले! झोप मिळाली नाही की मेंदू असे खेळ करतो. आपण कशासाठी धावतोय, हेसुद्धा ती मधूनमधून विसरत होती.

बार्कलीने मात्र तिला सहज दाद दिली नाही. २०२२ मध्ये तीन फेऱ्या झाल्या. २०२३ मध्ये ती चौथ्या फेरीला निघाली, पण पाचवी राहूनच गेली. पाय थकले तर मन घट्ट करता येतं हो, पण धुक्यात आणि अंधारात नेमक्या त्याच दगडामागचं पुस्तक कसं सापडणार? ते जंगल ओळखीचं व्हावं लागतं. माझ्या मते त्या दोन वर्षांनी तिला हीच ओळख करून दिली.

२०२४ साली २० मार्चला पहाटे ती पुन्हा धावू लागली. वय चाळीस. काटेरी झुडपांनी पाय ओरबाडले गेले. दोन रात्री झोप जवळजवळ नाहीच. २२ मार्चची संध्याकाळ झाली. तिच्या आधी चार पुरुष शर्यत पूर्ण करून आले होते. फाटकापाशी माणसं घड्याळाकडे बघत उभी होती. आणि वळणावर ती दिसली! रस्ता चढाचा. सगळं शरीर थांब थांब म्हणून ओरडत होतं, असं तिने नंतर सांगितलं. तरीही ती धावत सुटली, फाटकाला हात लावला आणि तिथेच खाली कोसळली. वेळेत पोचलो की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

घड्याळात झाले होते ५९ तास, ५८ मिनिटं आणि २१ सेकंद.

आता राहिली होती पानं. सगळीच्या सगळी भरली.