पांढऱ्यात पांढरं

आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे : 'कुटुंबात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर?' त्यात बायका हमखास सासूबाईंचं नाव लिहितात. केमोसाठी खेपा घातलेल्या असतात, रात्री जागून काढलेल्या असतात, ते आजारपण अंगवळणी पडलेलं असतं. पण सासूबाईंच्या आजाराचा सुनेच्या धोक्याशी काडीचा संबंध नाही. असलाच तर नातीशी आहे. आणि जिला खरोखर धरायला हवं, ती आत्या त्या रकान्यात नसते. 'वडिलांकडचं पण सांगायचं का?' असं मला नेहमी विचारतात. सांगायचंच. या दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात तो उतरायची शक्यता निम्मी. 'ती पोटाच्या ऑपरेशननंतर गेली' असं कुणी म्हणालं की मी पुन्हा खोदून विचारते. अंडाशयाचा कॅन्सर आपल्याकडे अशाच शब्दांत दडलेला असतो.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. फोटो वाचणं हे माझं काम. पण हा वंशवृक्ष समोर नसेल तर फोटो अर्धाच वाचला जातो.

त्या दिवशी आलेली मुलगी तिशी नुकतीच ओलांडलेली होती. दोन आत्या कॅन्सरने गेलेल्या, रक्ततपासणीत बीआरसीए१ चा दोष सापडलेला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार असा दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे 72 टक्के असते; बीआरसीए२ असेल तर 69. हिला गाठ नव्हती, दुखत नव्हतं, काहीच नव्हतं. अशा बाईला तपासायला बोलावणं हे बरं वाटत नसलेल्याला तपासण्यापेक्षा अवघड असतं.

आधी मॅमोग्राफी. 'ताई, काखेत पावडर, डिओ काही लावलंय?' टेक्निशियनने विचारलं. लावलं होतं. ओल्या कापसाने पुसून घेतलं, कारण पावडरचे कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि कॅल्शियमच्या बारीक कणांशी त्यांचा घोटाळा होतो. मग खांदा सैल, हनुवटी बाजूला, आणि वरून पारदर्शक पट्टी खाली येते. 'आता जरा दाबणार हं. श्वास धरा.' काही सेकंद. एकेका बाजूचे दोन फोटो, एक वरून, एक तिरका. तिरक्यात काखेकडचा भाग आला पाहिजे. तो निसटला की फोटो पुन्हा.

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर पाहिलं तर दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. चरबी काळपट दिसते, ग्रंथींचं ऊतक पांढरं, आणि कॅन्सरही पांढराच. दाट धुक्यात बगळा शोधावा तसं. या घनतेच्या आम्ही चार पायऱ्या लावतो, हिची शेवटची. 1976 साली डेट्रॉइटच्या जॉन वुल्फ या रेडिओलॉजिस्टने मांडलं की ऊतकाची ही ठेवणच धोका सांगते. म्हणजे हे पांढरं कॅन्सर झाकतं ते एक, आणि तो होण्याची शक्यता वाढवतं ते वेगळंच. अत्यंत घन आणि जवळजवळ निव्वळ चरबी असलेल्या स्तनांची तुलना केली तर धोका चौपटीच्या वर जातो. मात्र ही दोन टोकांची तुलना आहे. रिपोर्टवर 'घन' वाचून रात्रभर इंटरनेट चाळणाऱ्या बायका मला भेटतात, म्हणून सांगते : घनता हा आजार नाही, आणि ती असलेल्या बायका ढिगाने आहेत.

बीआरसीए असताना मात्र एवढ्यावर भागत नाही. एमआरआय लागतो, आणि त्याची तारीख पाळीवरून ठरते, सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. इतर दिवसांत हार्मोन्समुळे निरोगी ऊतकही शिरेतून दिलेलं औषध शोषून उजळतं आणि खरं काय ते त्यात हरवतं. रिसेप्शनवरच्या मुलाने हा प्रश्न विचारला की पेशंट आणि तो दोघंही खाली बघतात. हल्ली आम्ही ते विचारणं नर्सकडे दिलंय.

मंगळसूत्र, जोडवी, पिना सगळं काढून झालं. मंगळसूत्र काढताना हात क्षणभर थांबतोच, मग ते नवऱ्याच्या हातात जातं. मशीनमध्ये पालथं झोपायचं, स्तन कॉइलच्या दोन पोकळ्यांत सोडायचे, हात डोक्याच्या वर. दंडाच्या शिरेत सुई. पहिले फोटो औषधाविना. मग गॅडोलिनियमचं औषध, आणि पुन्हा पुन्हा तेच फोटो. नंतरच्या चित्रातून आधीचं वजा केलं की फक्त औषध कुठं गेलं ते उरतं. कॅन्सरने स्वतःसाठी वाढवलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात; तिथं औषध झपाट्याने भरतं आणि बरेचदा लगेच ओसरतं. म्हणून आम्ही नुसता ठिपका बघत नाही, त्याचा आलेख बघतो.

2004 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात कौटुंबिक किंवा जनुकीय धोका असलेल्या 1,909 स्त्रिया होत्या. पसरणारे कॅन्सर मॅमोग्राफीने 33 टक्के पकडले, एमआरआयने जवळपास 80. पण कॅन्सर नसलेल्या शंभरातल्या सुमारे दहांवर एमआरआयने खोटी शंकाही घेतली. मॅमोग्राफीत ही चूक पाचांच्या बाबतीत झाली.

आमची मुलगी त्या दहांत निघाली. डाव्या बाजूला सहा मिलिमीटरचा ठिपका, आलेख हळू चढणारा, ओसरत नसलेला. आलेख सौम्य होता, तरी बीआरसीए आहे म्हटल्यावर नुसतं 'सहा महिन्यांनी बघू' म्हणणं मला पटेना. सोनोग्राफीत तो सापडला, सुईने तुकडा घेतला. फायब्रोअ‍ॅडिनोमा. निरुपद्रवी. मधल्या आठवड्यात तिला जेवण गेलं नसेल. त्याला मी कारण आहे आणि पुन्हा तसंच करीन.

रिपोर्ट घ्यायला ती भावाला घेऊन आली. पुढची मॅमोग्राफी सहा महिन्यांनी, एमआरआय वर्षाने, आणि अंडाशयांबद्दल गायनॅककडे बोलायचं, हे तिने मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मी भावालाही जनुक तपासणीची चिठ्ठी दिली. 'मला कशाला? मी तर पुरुष,' तो म्हणाला. त्याला दोन मुली आहेत. मी तोच फॉर्म काढला आणि आत्यांपासून सुरुवात केली.